गाय धापा टाकते म्हणजे तिला ऑक्सिजन कमी पडतोय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फलटण तालुक्यातल्या एका पशुपालकाची संकरित होल्स्टीन गाय, दुसऱ्या वेताची, विऊन तीन महिने झालेली. एप्रिल लागल्यापासून दुपारी धापा टाकते. मिनिटाला ७०-८० श्वास, मान पुढे काढलेली, तोंडातून लाळेच्या तारा. दूध कमी झालं, दुधातली फॅटही घसरली. शेजारच्या गोठ्यातला खिल्लार बैल मात्र त्याच उन्हात निवांत रवंथ करतो. सल्ले तीन मिळाले आहेत. एक म्हणतो, फुफ्फुसं कमजोर आहेत. दुसरा म्हणतो, पत्र्याच्या गोठ्यात ऑक्सिजन कमी पडतो, लिंबाच्या झाडाखाली बांधा. तिसरा म्हणतो, छाती मोकळी करायला ओवा घालून कोमट तेल पाजा. यातलं खरं काय, आणि गायीचं फुफ्फुस नेमकं काम कसं करतं?

आधी एक सांगतो, बाकीचं सावकाश वाचा: तेल पाजू नका. का, ते पुढे येईलच.

तुम्ही विचारलंय ऑक्सिजनबद्दल, पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. गाय जोरजोरात श्वास घेतेय हे तुम्हाला दिसतंय. ती तो श्वास कशासाठी घेतेय, हे ठरवायचं आहे. जनावर श्वास दोन कामांसाठी वापरतं. एक, रक्तात ऑक्सिजन घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. दुसरं, अंगातली उष्णता बाहेर टाकणं. दोन्ही कामांत छाती हलते, नाकपुड्या हलतात, लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. म्हणून नुसत्या आकड्यावरून मी कधी निदान करत नाही, आणि तुमची गाय न बघता आत्ताही करणार नाही. तुमच्या प्रश्नात ताप किती हे नाही, पहाटे श्वास किती असतो हे नाही, आणि खोकला-शेंबूड आहे का हेही नाही. या तीन गोष्टी कळल्या तर निम्मं काम होतं.

आता यंत्रणा बघू.

फुफ्फुसात स्वतःला हलवणारा स्नायू नसतो. तो अवयव स्वतःहून हवा ओढत नाही. ओढण्याचं काम करतं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा. हा पूर्ण पडदा उंदरापासून देवमाशापर्यंत प्रत्येक सस्तन प्राण्यात असतो. बेडूक गळ्याची हालचाल करून हवा आत ढकलतो. कोंबडीची फुफ्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात, जवळपास हलतच नाहीत, आणि पोटातल्या-छातीतल्या हवेच्या पिशव्यांमुळे त्यांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. गाय, म्हैस, कुत्रा, माणूस यांची पद्धत निराळी: श्वासपटल आकसून मागे पोटाकडे सरकतं, बरगड्या बाहेर फाकतात, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत येते. स्नायू सैल पडले की ताणलेलं फुफ्फुस स्वतःच्या लवचीकपणाने आकसतं आणि हवा त्याच वाटेने परत जाते.

फुफ्फुस छातीच्या भिंतीला शिवलेलं नसतं. मधे अगदी पातळ द्रवाचा थर असतो आणि तिथला दाब कमी असल्यामुळे ते भिंतीबरोबर ताणलं जातं. म्हणूनच दोन बैलांच्या झुंजीत शिंग लागून छातीला आरपार भोक पडलं, तर फुफ्फुसाला जखम नसतानाही त्या बाजूचं फुफ्फुस मिटतं. अशा वेळी पहिलं काम जखमेवर स्वच्छ प्लॅस्टिक किंवा ओलं फडकं घट्ट दाबून भोक बंद करणं, टाके नंतर.

श्वासपटल मागे सरकायला पोटात जागा लागते, आणि गायीच्या बाबतीत हीच मेख आहे. डाव्या बाजूला शंभर-दीडशे लिटरचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, श्वासपटलाला टेकून बसलेलं असतं. पोटफुगीत जनावर मरतं ते बहुधा गुदमरून: डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) ढोलासारखी ताणते, श्वासपटल मागे जाऊ शकत नाही आणि फुफ्फुस निरोगी असूनही हवा आत येत नाही. कोठीपोटाच्या पुढचा लहान कप्पा, जाळीपोट, तर श्वासपटलाला अगदी लागूनच. वैरणीतून गेलेली तार किंवा खिळा तिथून पुढे घुसला की जनावर दुखण्यापायी उथळ श्वास घेतं, कण्हतं, कोपरं बाहेर काढून उभं राहतं. म्हशींमध्ये तर श्वासपटल फाटून जाळीपोटच छातीत शिरल्याचं आपल्या देशात बऱ्यापैकी आढळतं. तेव्हा श्वासाची तक्रार आली की मी स्टेथोस्कोप छातीला लावायच्या आधी डाव्या भकाळीत मूठ दाबून बघतो.

नाकातून आत गेलेली हवा सरळ फुफ्फुसात पोचत नाही. नाकाच्या आत गुंडाळीसारखी हाडं आणि त्यांवर रक्ताने भरलेलं ओलं अस्तर असतं. तिथे हवा शरीराइतकी गरम आणि बाष्पाने भरलेली होते, धूळ चिकटते. मग गायीत दोन फुटांच्या आसपास लांब असलेली श्वासनलिका, तिच्या फांद्या, त्यांच्या फांद्या, आणि सगळ्यात शेवटी वायुकोश. रक्ताशी देवाणघेवाण होते ती फक्त या वायुकोशांत. माणसात ते तीस ते पन्नास कोटींच्या घरात भरतात आणि पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट होतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. गायीचं फुफ्फुस माणसापेक्षा मोठं असतं, पण तिच्या वजनाच्या मानाने ते लहानच. त्याच वजनाच्या घोड्याशी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. घोडा पळण्यासाठी घडलाय. दुधाळ गाय नुसती दावणीला उभी असतानाही आपल्या श्वासाच्या क्षमतेचा बराच भाग वापरत असते, राखीव थोडंच उरतं.

आता धापेकडे येऊ. इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

प्रत्येक श्वासातली काही हवा वायुकोशांपर्यंत पोचतच नाही. ती नाकात, घशात, श्वासनलिकेत राहते आणि तशीच परत जाते. समजण्यापुरते ढोबळ आकडे घेऊ. पाचशे किलोची गाय शांत असताना एका श्वासात साधारण ३.८ लिटर हवा घेते. त्यातली १.४ लिटर नळ्यांमध्येच अडकते, वायुकोशांत जाते २.४ लिटर. मिनिटाला २५ श्वास धरले तर एकूण हवा ९५ लिटर, कामाची ६० लिटर. आता तीच गाय मिनिटाला १०० श्वास घेतेय, पण उथळ, एका वेळी २ लिटरच. एकूण हवा झाली २०० लिटर. वायुकोशांत किती गेली? श्वासामागे ०.६ लिटर, म्हणजे पुन्हा ६०च. हवेची ये-जा दुपटीहून जास्त झाली आणि रक्ताला मिळणाऱ्या हवेत फरक शून्य. पोहरा पाण्याला न लावता विहिरीत नुसता दोर वर-खाली करावा, तसा हा प्रकार.

वरवर बघता वाया गेलेले कष्ट. पण उन्हात गायीला नेमकं हेच हवं असतं. ती नाक-घशाच्या ओल्या अस्तरावरून हवा खेळवत असते. तिथलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. कुत्र्यामध्ये हीच युक्ती आणखी पुढे गेलेली दिसते. त्याची छाती स्वतःच्या लवचीकपणामुळे ज्या वेगाने सहज हेलकावते त्याच वेगाने, सेकंदाला पाचेक वेळा, तो धापा टाकतो. त्यामुळे स्नायूंना कमीत कमी मेहनत पडते आणि धापा टाकण्यानेच अंग तापत नाही. गायीला ही सोय इतकी चांगली जमलेली नाही. तिला धापेची किंमत मोजावी लागते.

म्हणजे उन्हात धापा टाकणाऱ्या निरोगी गायीच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. तिला सिलिंडर लावलात तरी काही साधणार नाही, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास पूर्ण भरलेलं असतं. झाडाखाली जरूर बांधा, पण ऑक्सिजनसाठी नव्हे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तुमच्या मोकळ्या गोठ्यातही तितकाच आणि लिंबाखालीही तितकाच. झाडाखाली बरं वाटतं ते सावलीमुळे, वरून तापलेला पत्रा नसल्यामुळे आणि वारा चारी बाजूंनी लागत असल्यामुळे.

शेजारचा खिल्लार शांत का? त्याची फुफ्फुसं जास्त दमदार आहेत म्हणून नाही. त्याच्या अंगात उष्णताच कमी तयार होते. दूध तयार करणं आणि त्यासाठी एवढी वैरण-पेंड पचवणं हे प्रचंड उष्णतेचं काम आहे. तुमची गाय आतून तापते आणि बाहेरूनही. शिवाय देशी वंशाच्या कातडीत घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि अधिक कार्यक्षम, केस आखूड, रंग उजळ. म्हशीची गत याच्या उलट: काळी कातडी, घामाच्या ग्रंथी विरळ. म्हणून तिला डुंबायला पाणी हवंच असतं. तिची ती चैन नाही.

मग श्वासाचा वेग ठरवतं कोण? बहुतेकांना वाटतं, ऑक्सिजन कमी झाला की मेंदू श्वास वाढवतो. रोजच्या जगण्यात तसं होत नाही. १९०५ साली हाल्डेन आणि प्रिस्टली या दोघांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिलं की श्वासाचा लगाम मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो. तो रक्तात जरासा वाढला तरी मेंदूच्या देठातलं केंद्र श्वास वाढवतं. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मानेतल्या मोठ्या रोहिणीजवळ असते. त्या शोधासाठी बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. पण ती यंत्रणा जोरात बोलू लागते ते ऑक्सिजन बराच खाली गेल्यावर. उष्णतेचा हुकूम तिसरीकडून, मेंदूतल्या तापमान-केंद्राकडून येतो. तुमच्या गायीच्या धापेमागे बहुधा हा तिसरा हुकूम आहे.

आणि इथून तुमच्या फॅटचा धागा लागतो. सुरुवातीला धाप उथळ असते, तोवर मी वर मांडलेलं गणित जमतं. ऊन वाढलं, अंगातला ताप १०४ च्या पुढे सरकला की गाय तोंड उघडते, जीभ काढते आणि श्वास संथ पण खोल होतो. बघणाऱ्याला वाटतं, वेग कमी झाला म्हणजे उतार पडला. खरं तर ही पुढची, जास्त वाईट पायरी. आता हवा वायुकोशांतूनही जोरात खेळते आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त धुतला जातो. रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, लघवीतून टाकून देतात. पण गायीला बायकार्बोनेट लाळेसाठी हवं असतं, कारण कोठीपोटातलं आम्ल तीच लाळ मारते. त्यातून लाळेच्या तारा तोंडातून जमिनीवर चाललेल्या, धापेमुळे रवंथ कमी, आणि गाय कडबा टाकून पेंड-भरडा तेवढा खाते. कोठीपोट आंबट होतं, फॅट पडते. रात्री गारवा आला की धाप थांबते. तोवर बायकार्बोनेट निघून गेलेलं असतं आणि रक्त उलट आम्लाकडे झुकतं. म्हणून उन्हाळ्यात खुराकात खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेटच, घालायला सांगतो. किती, ते खुराकात भरडा किती आहे त्यावर ठरतं, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. दूध कमी झालं म्हणून पेंड वाढवण्याची चूक मात्र करू नका, आंबटपणा आणखी वाढेल. कोंबड्या पाळत असाल तर हेच तिथेही दिसेल: उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीची अंडी पातळ कवचाची येतात, कारण कवचासाठी लागणारा कार्बोनेट असाच श्वासावाटे उडून गेलेला असतो.

इथवरचं थोडक्यात: श्वास जलद आणि उथळ, दुपारी वाढतो, रात्री उतरतो, खाणं थोडं कमी पण गाय सावध, म्हणजे उष्णता. आता दुसरी बाजू बघू, कारण एप्रिल आहे म्हणून प्रत्येक धाप उन्हाचीच असते असं नाही.

फुफ्फुसाच्या आजारात मी वेगापेक्षा कष्ट बघतो. श्वास सोडताना पोट ओढून जोर लावते का, बरगड्यांच्या कडेने चर पडते का, प्रत्येक श्वासागणिक कण्हते का, कोपरं बाहेर काढून मान ताणून उभी राहते का, बसायला नको म्हणते का. आवाज कधी येतो हेही ऐकायचं. श्वास आत घेताना घरघर आली तर अडथळा बहुधा वर, घशात. त्याबरोबर गळ्याखाली गरम सूज आणि १०५-१०६ ताप असेल तर घटसर्प (जनावरांचा गळा सुजवणारा जिवाणूंचा आजार) समजून त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा. तिथे संध्याकाळची वाट बघणं परवडत नाही. (पावसाळ्याआधीची लस टोचली नसेल तर मे महिन्यातच टोचून घ्या.) श्वास बाहेर टाकताना जोर लागत असेल तर बिघाड बहुधा खाली, बारीक नळ्यांत किंवा वायुकोशांत.

गायीचं फुफ्फुस न्यूमोनियाला लवकर बळी पडतं, आणि त्याला तिच्या रचनेतलंच कारण आहे. ते लहान-लहान कप्प्यांत वाटलेलं असतं आणि शेजारच्या कप्प्यातून हवा येण्याची वाट जवळजवळ नसते. एक बारीक नळी शेंबडाने बंद झाली की तिच्यामागचा कप्पा बंदच. कुत्र्यात शेजारून हवा झिरपते, गायीत नाही. नळ्यांच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते चिकट थरासह कचरा सतत वर घशाकडे सरकवत असतात. मुताचा अमोनिया या केसांना मारतो. तुमच्या गोठ्याची हवा तपासायची असेल तर उभं राहून वास घेऊ नका. खाली बसा, वासराच्या नाकाच्या उंचीवर या, आणि तिथे डोळे चुरचुरतात का बघा. मी बघितलेल्या बंदिस्त गोठ्यांतली वासरांची खोकल्याची बरीचशी प्रकरणं औषधाच्या आधी फरशीच्या उताराने सुटणारी असतात.

आता तेलाचं. रवंथ करणाऱ्या जनावरांत आणि डुकरात उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या भागाला स्वतंत्र नळी असते. मुख्य श्वासनलिका दोन भागांत फुटण्याआधीच ती थेट तिच्यातून निघते. पाजलेलं काहीही चुकून श्वासनलिकेत गेलं की बऱ्याचदा पहिल्यांदा तिथेच उतरतं. बाटलीने पाजल्यानंतर दोन-तीन दिवसांत ताप, दुर्गंधी येणारा श्वास आणि खोकला घेऊन आलेल्या जनावराची मी उजवी बाजू, पुढच्या पायाच्या मागे-खाली, आधी ऐकतो. तेलाचा दोष असा की ते गुळगुळीत असतं. श्वासनलिकेत शिरलं तरी जोराचा ठसका लागेलच असं नाही, त्यामुळे पाजणाऱ्याला कळतच नाही. एकदा वायुकोशांत गेलेलं तेल काढायचं कसं, याला माझ्याकडे तरी उत्तर नाही. आणि धापा टाकणारं जनावर ज्या क्षणी गिळतं त्याच क्षणी श्वासही ओढायला बघतं, म्हणून धोका दुप्पट. पोटफुगीत गोडेतेल द्यावंच लागलं तरी मान आडवी ठेवा, तोंड आकाशाकडे करू नका, जीभ ओढून धरू नका, गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं द्या, ठसका आला की लगेच तोंड सोडा. दुग्धज्वराने (विल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरल्याने) आडव्या पडलेल्या गायीला तोंडावाटे काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. पोटात गेलेल्या तेलाने छाती मोकळी होत नाही, हेही सांगून टाकतो: अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी-शेजारी असल्या तरी रस्ते वेगळे आहेत.

या दोन रस्त्यांचा संबंध उलट दिशेने मात्र येतो, आणि तो बऱ्याच पशुपालकांना माहीत नसतो. गाय ढेकर देते तेव्हा तोंड सहसा मिटलेलं असतं आणि ढेकरेतला बराच वायू श्वासनलिकेतून फुफ्फुसात ओढला जातो. तिथून वास रक्तात, रक्तातून दुधात. कांद्याची पात किंवा कोबीचा पाला खाल्लेल्या गायीच्या दुधाला वास येतो तो नुसता पोटातून रक्तात शोषला गेल्यामुळे नाही, फुफ्फुसाच्या वाटेनेही येतो. असली वैरण धारेनंतर टाका.

तिसरा गट तुमच्या प्रश्नात नाही, पण सांगायला हवा, कारण तिथे फुफ्फुस आणि ऊन दोन्ही निर्दोष असतात. गोचिडांनी रक्त शोषलं किंवा थायलेरिया (गोचिडांतून पसरणारा रक्तातल्या परजीवींचा आजार) झाला की ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशीच कमी पडतात. गाय थोडं चाललं तरी धापते. डोळ्याची आतली पापणी उलटून बघा: गुलाबीऐवजी पांढुरकी किंवा पिवळसर दिसेल. संकरित गायीत थायलेरिया फार दिसतो, खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०५ च्या पुढे जातो. हे सगळं नेमकं उन्हाळ्याच्या सुमारास येत असल्यामुळे ऊन लागलंय असं समजून दिवस वाया जातात.

आणि किराळ. ज्वारी काढल्यावर खोडव्याला फुटलेले कोवळे फुटवे जनावरांनी खाल्ले की सायनाइड तयार होतं. ते पेशींच्या आत ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच बंद पाडतं. फुफ्फुस हवा घेतंय, रक्त ऑक्सिजनने भरून वाहतंय, इतकं की ते लालभडक दिसतं, आणि पेशींना तो वापरता येत नाही. जनावर चरता चरता धापा टाकत कोसळतं. इथे मिनिटांचा हिशेब असतो. सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं. ज्यांच्या भागात पेरणीची ज्वारी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे ते शिल्लक आहे का, हे हंगामाआधी विचारून ठेवावं.

आता तुम्ही काय करायचं.

पहाटे पाचला, गाय उठायच्या किंवा तिला कुणी हात लावायच्या आधी, लांब उभं राहून भकाळीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका; गाय मधेच ढेकर देते, हुंगते, हिशेब चुकतो. मग थर्मामीटर लावा. दुपारी तीनला पुन्हा दोन्ही मोजा. तीन-चार दिवस हे वहीत लिहा. पहाटे श्वास २५-४० आणि ताप १०२ च्या आत असेल, दुपारी ७०-८० आणि १०३ च्या आसपास जात असेल, तर ही उष्णता आहे. पहाटेही ताप १०३.५ च्या वर आणि श्वास ६० च्या पुढे असेल तर उन्हाचं कारण सांगून थांबू नका, डॉक्टरांना छाती ऐकायला आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासायला बोलवा. एक अडचण आहे: मे अखेरीस वळवाच्या पावसानंतर रात्रीही दमट आणि गरम जातात, तेव्हा निरोगी गायीचाही पहाटेचा आकडा चढा राहतो. अशा वेळी गोठ्यातल्या दुसऱ्या एखाद्या दुधाळ गायीचा आकडा शेजारी लिहा. दोघींचा सारखाच चढा असेल तर हवामान, एकीचाच असेल तर ती गाय.

उष्णताच निघाली, तर पाणी हवेत नव्हे, कातडीवर हवं. हवेत बारीक फवारे सोडले की बंद गोठ्यात दमटपणा वाढतो, आणि दमट हवेत नाका-घशातल्या पाण्याची नीट वाफ होत नाही. म्हणजे गायीचा हा उपायच तुम्ही अडवलात. तुमच्याकडे दुपारची हवा कोरडी असते म्हणून फवारे थोडे चालून जातात, कोकणात ते नुकसानच करतील. पाठ कातडीपर्यंत भिजवा, मग पंख्याखाली वाळू द्या, पुन्हा भिजवा. पाणी कासेवरून ओघळेल इतकं नको. बाजूला टांगलेली गोणपाटं वारा अडवत असतील तर काढा. पत्र्यावर उसाचं पाचट टाका किंवा चुना मारा. पाणी दावणीजवळ, सावलीत, दिवसभर भरलेलं हवं. दुधाळ गाय उन्हाळ्यात शंभर लिटर सहज पिते, आणि श्वासातून जाणारी प्रत्येक वाफ त्या पाण्यातूनच येते.

वैरण पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी शिगेला पोचते. तुम्ही बहुतेक नऊ-दहाला पोटभर टाकत असणार, म्हणजे आतली आग आणि बाहेरचं ऊन एकाच वेळी गाठतात. दोन तृतीयांश खाणं रात्रीच्या बाजूला सरकवून आठवडाभर बघा, आणि वहीतले आकडे घेऊन मला पुन्हा लिहा. गाय दुपारी तोंड उघडून जीभ काढत असेल तर मात्र आठवडा थांबू नका. त्याच वेळी पाठीवर पाणी, पंखा आणि फोन.